हळदीच्या गाण्यातली टोपी

गेल्या वैशाखात माझ्या नातवाची हळद होती, आणि त्या हळदीच्या मांडवात, भर सकाळी, सगळ्या बायांसमोर माझा दीर बोलला. त्याला जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या सुनेकडे, म्हातारीला काही झालं की काय म्हणून. मला काही झालेलं नाही. मांडवात चाळीस-पन्नास जणी होत्या, सगळ्यांनी ऐकलं. माझ्या हातातली हळदीची वाटी खाली पडली, तिचा पिवळा डाग ओट्यावर अजून आहे. घासून घासून जात नाही.

पण हे नीट सांगायचं तर माझ्या देराणीपासून सुरुवात करायला हवी. देराणी म्हणजे धाकट्या दिराची बायको. आमचं घर एक, दार दोन. मधल्या भिंतीच्या अलीकडे मी आणि आमचे हे, पलीकडे ती आणि भाऊजी. गाव धुळ्याहून एसटीनं तासाभरावर. ती मला अक्का म्हणते, मी तिला धाकली म्हणते. भांडणं झाली, अबोले झाले, पण चहाची साखर भिंतीवरून इकडून तिकडे जात राहिली.

धाकली गाते. आता गाणारी बाई म्हटलं की तुमच्या डोक्यात गोड आवाज येईल. तिचा आवाज गोड नाही. जाड आहे, थोडा घोगरा आहे, शेजारच्या शेतातून कुणी हाक मारावी तसा. ती नवी नवरी होऊन आली, त्याच्या चौथ्या-पाचव्या दिवशी तूर निवडता निवडता सहज काहीतरी गुणगुणत होती. आमच्या सासूबाई अंगणात शेणाची पाटी घेऊन चालल्या होत्या. कडक बाई. सासरे वारले तेव्हा त्यांच्या डोळ्यात मी पाणी पाहिलं नव्हतं. सगळ्यांना चहा झाला का, एवढंच विचारत होत्या. त्या दिवशी पाटी डोक्यावर घेऊन त्या थांबल्या, पाटी खाली ठेवली, शेजारी बसल्या आणि तोंडात पदर घालून रडायला लागल्या. मी घाबरून धावले. म्हटलं, विंचू चावला का? त्यांनी मला हातानं बाजूला सारलं. "ऐकू दे," म्हणाल्या. धाकलीला यातलं काही कळलंच नव्हतं. ती तुरीतले खडे वेचत होती.

पुढे पंचक्रोशीत असं झालं की हळद म्हटली की धाकलीला बोलावणं. एकदा शेजारच्या गावी मुलीच्या पाठवणीला हिनं गायलं, तर नवरी गाडीत बसलेली होती ती खाली उतरली आणि परत आईच्या गळ्यात. पुन्हा बसवली, पुन्हा उतरली. वरपक्षाचा एक म्हातारा काठी आपटत म्हणाला, "या बाईले पहिले गाडीमा बसाडा आनि घरी पोचाडा, मंग आम्हनी नवरी निंघी!" सगळे हसले, पण त्याचेही डोळे ओले होते.

मी एकदा तिला विचारलं होतं, "सगळ्या जणी रडतात, तुला कसं काही होत नाही गं?"

"माझं लक्ष नात्यांकडं असतं, अक्का," ती म्हणाली. "थोरली मावशी आधी की धाकटी, आत्या किती, चुलत किती. एक चुकलं तर सहा वर्षं बोलणं बंद. रडायला सवड कुठं?"

हे समजण्यासाठी आमच्याकडचं हळदीचं गाणं कसं असतं ते सांगते. आधी हळद कुठून आणली, कुणी दळली, कुणी कालवली. मग येते लावायची पाळी. गाणारीण एकेक नातं घेते, आणि जिचं नातं गाण्यात निघालं तिनं उठायचं, वाटीत बोटं बुडवायची आणि नवरदेवाला पायापासून वर हळद लावायची. हात पिठात असोत की पाण्यात, नातं निघालं की उठायचंच. निघून उठली नाही तर ते वाईट. आणि निघालंच नाही, तर मग भांडण.

यात एक गोष्ट अशी आहे की जी कुणी सांगत नाही. विधवेचं नातं गाण्यात घेत नाहीत. गाणारणीला ते माहीत असतं, ती ती ओळ गाळून पुढच्या नात्यावर जाते, ठेका तुटू देत नाही. जिची ओळ गाळली ती बाई तेव्हा मागं कुठेतरी कामात असते. कोठीत, नाहीतर चुलीपाशी. तिला ऐकू जात नाही असं आम्ही सगळ्या धरून चालतो.

माझं म्हणाल तर मी तिच्या गाण्याला कधी रडले नाही. खरं सांगायचं तर मी तिथं थांबतच नसे. तिनं सूर लावला की मला काहीतरी काम आठवायचं. पाणी आलं का बघते, वरणाबरोबरच्या बट्ट्या किती भाजून झाल्या बघते. थोरली होते ना घरची. सगळ्यांसमोर तोंडात पदर घालून बसायचं मला जमण्यासारखं नव्हतं. आणि आत कुठेतरी हेही होतंच, की घर मी सांभाळायचं आणि नाव हिचं व्हायचं. ते आता लपवून काय करू?

माझा मुलगा दीपनगरला वीज केंद्रात आहे. त्याची शिफ्टची नोकरी, सून तेव्हा आजारी, म्हणून नातू चौथीपर्यंत गावात आमच्याकडे वाढला. आमच्याकडे म्हणजे जेवायला माझ्याकडे आणि झोपायला, रुसायला, अभ्यास चुकवायला भिंतीपलीकडे. धाकलीच्या दोन्ही मुली लग्न होऊन सुरतेला गेल्या होत्या, तिचं घर रिकामं होतं. भाऊजींना तो नाना आजोबा म्हणायचा, ते त्याला खांद्यावर घेऊन बाजारात न्यायचे. डोक्यावर स्वतःची पांढरी टोपी त्याला घालायचे, ती त्याच्या नाकापर्यंत यायची.

नातवाची धाकटी बहीण, माझी नात, धुळ्याला कॉलेजात शिकते. तिला तिच्या सरांनी काम दिलं, आपल्या घरातली जुनी गाणी गोळा करा म्हणून. ती मोबाईल घेऊन गावी आली आणि धाकलीच्या ओसरीवर बसून तिनं एका दिवसात नऊ गाणी भरून घेतली. मी तेव्हा दीपनगरला मुलाकडे होते, मोतीबिंदू काढायला. हळदीचं गाणं आलं तेव्हा धाकली म्हणाली म्हणे, "नवरदेव कोण धरू? नवरदेवाशिवाय नाती कशी घेऊ?" नात म्हणाली, "दादाला धर." म्हणून माझ्या नातवाची हळद त्याचं लग्न ठरण्याच्या कितीतरी आधी गाऊन झाली होती. मला हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर, असं आता म्हणण्यात काय अर्थ?

त्यानंतर आठेक महिन्यांनी भाऊजी गेले. बाजारातून आले, ओसरीवर टेकले, पाणी मागितलं, पाणी येईपर्यंत संपलं. टोपी हातात होती. ती धाकलीनं त्यांच्या रोजच्या खुंटीला टांगली आणि तिथंच राहू दिली.

वर्षश्राद्ध झालं आणि नातवाचं लग्न ठरलं. मुलगी बोदवडची. तिकडची बोली वेगळी, पहिल्या बैठकीत आमच्या घरातल्या म्हाताऱ्या काय बोलतात ते व्याह्यांना अर्धं कळत नव्हतं, पण माणसं चांगली. नातवानं मला आधीच सांगून ठेवलं, "हळद धाकल्या आजीच्या गाण्यानंच लागेल." मी म्हटलं, "बघू."

माझी मोठी नणंद लग्नाला धुळ्याहून आठ दिवस आधी आली. आम्ही तिला बाई म्हणतो. ऐंशी ओलांडली, पण घरातलं काय चालतं आणि काय चालत नाही हे तीच सांगते. मी तिला विचारलंसुद्धा नाही. तिनं काही म्हणायच्या आधीच मी धाकलीला एकटीला गाठलं आणि म्हटलं, "तू कोठी सांभाळ. पीठ, तूप, गूळ, डाळ. तुझ्याशिवाय कोणावर भरवसा ठेवू?"

तिनं हात पदराला पुसले. मग म्हणाली, "आणि गाणं?"

"ते होईल कसंतरी."

"बरं," म्हणाली आणि माझ्या हातातून कोठीची किल्ली घेतली. मी किती मोठेपणानं दिली होती ती किल्ली! आज आठवलं की हात पोळल्यासारखा होतो.

हळदीच्या दिवशी सकाळी मांडवात पाट मांडला, नातू बसला. आचारी मागं बट्ट्यांना लागलेला, वांगी घोटण्याचा वास सगळीकडे. बायांनी गायला सुरुवात केली. काय सांगू तुम्हाला. एकीला शब्द येत होते तर सूर नव्हता, दुसरीला सूर होता तर शब्द मोबाईलमधे बघून गात होती. हळद दळण्यापर्यंत कशीबशी पोचली आणि तिथंच अडली. तीन वेळा दळून झाली. एक व्याहीण हळूच म्हणाली, "भलतीच बारीक दळली वं तुम्ही." हशा झाला आणि गाणं बंद पडलं.

नातू पाटावरून म्हणाला, "आजी, धाकली आजी कुठे?"

"कामात आहे."

"मग मी थांबतो."

 इतक्या वर्षांत नवरदेव असं बोललेला मी ऐकला नव्हता. माझी सून खाली बघायला लागली. तेवढ्यात नात पुढं आली. "आजी, माझ्याकडे आहे ना धाकल्या आजीचं गाणं. कॉलेजसाठी घेतलं होतं ते. स्पीकर पण आहे." आणि तिनं टरबुजाएवढा काळा स्पीकर काढून दाखवला.

मी बाईकडे बघितलं. सगळ्याच बाईकडे बघत होत्या.

बाईनं विचार केला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आवाज कव्हयना शे?" तिनं नातीला विचारलं.

"म्हणजे?"

"भाऊ व्हता तव्हयना, का नंतरना?"

"नाना आजोबा होते तेव्हाचा. ते तिथंच होते घरात."

"मंग ती सवाष्ण व्हती," बाई म्हणाली. "सवाष्णना आवाज शे. चाली जाई."

आणि मी, मी मान डोलावली. हसू नका, मला ते अगदी बरोबर वाटलं. किती छान तोड निघाली असं वाटलं. गाणं हिचं मिळालं, रीतही राहिली, नातवाचंही समाधान. आधी एकदा पूर्ण ऐकून घ्यावं, एवढंही कुणाला सुचलं नाही. नातीला विचारलं तर ती नंतर म्हणाली, "आजी, त्या नऊ गाण्यांत कोंबड्या आहेत, ट्रॅक्टर आहे, कुकरची शिट्टी आहे. काय काय लक्षात ठेवू?"

स्पीकर तुळशीजवळ ठेवला. धाकलीचा आवाज आला.

मला तेव्हा काम आठवायला जागाच नव्हती. हळदीची वाटी माझ्या हातात, मी पाटासमोर उभी. पहिल्यांदाच मला तो आवाज पुरता ऐकायला लागला. हळद आली, दळली गेली, कालवली गेली. मग नाती सुरू झाली. आईचं नातं निघालं, सून उठली. आत्याचं निघालं, आत्या उठली. मामी, मावशी. आजीचं निघालं, मी लावली. बाया रडत होत्या, नाकं ओढत होत्या, आणि सगळं अगदी जसं व्हायला हवं तसं चाललं होतं.

आणि मग तिनं गायलं, धाकली आजी हळद लावते.

सगळ्या जागच्या जागी थांबल्या. अर्थात ती ओळ असणारच ना! तेव्हा ती सवाष्ण होती, तिनं स्वतःचं नातं स्वतः घेतलं होतं. ते आमच्यातल्या एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. ओळ निघाली, आणि उठायला मांडवात कुणी नव्हतं. कोठीचं दार लोटलेलं होतं, दहा पावलांवर. मी बाईकडे बघितलं. तिनं नातीला खूण केली, बंद कर म्हणून. नात स्पीकरकडे वळली आणि तेवढ्यात त्या डब्यातून माणसाचा आवाज आला.

"अय, मन्ही टोपी कोठे शे वं?"

भाऊजी. दुसरं कुणी नाही. तोच किरकिरा, घाईतला आवाज, बाहेर निघालेत आणि टोपी सापडत नाही. आणि धाकलीनं गाणं न थांबवता, त्याच चालीत, त्याच ठेक्यावर उत्तर दिलं होतं, "खुंटीवर शे हो, खुंटीवर शे." आणि पुढच्या श्वासाला काकूचं नातं घेतलं.

माझ्या हातातली वाटी तेव्हा पडली. एका बाईनं छातीशी हात नेला. लहान मुलं हसली, त्यांना गंमत वाटली. मांडवाबाहेर खाटेवर आमचे हे बसले होते, चार माणसांत, पान लावत. ते ताडकन उभे राहिले. धाकट्या भावाचा आवाज तो. ऐंशीला आलेला माणूस, दाराकडे तोंड करून जोरात म्हणाला, "अरे, द्या रे त्यानी टोपी त्याले!"

मग त्यांचं त्यांनाच कळलं. खाली बसले आणि दोन्ही हात तोंडावर धरले.

स्पीकरमधे गाणं चालूच होतं. नातीला घाईत बटण सापडत नव्हतं. आणि कोठीचं दार उघडलं.

धाकली बाहेर आली. कोपरापर्यंत पीठ, हातात पीठ मोजायचा डबा तसाच. ती सरळ मांडवात आली, बायांमधून वाट काढावी लागली नाही, बायाच बाजूला झाल्या. गाणं आता थांबलं होतं.

बाई म्हणाली, "तू कसाले उनी?"

"माझं नातं निघालं ना गाण्यात," धाकली म्हणाली. "म्हणून उठले."

"ते मागलं शे."

"मागलं कसं? याचीच हळद आहे ना ती? याचंच नाव धरून गायलेय मी." तिनं नातवाकडे बोट केलं. मग नातीकडे वळली. "माय, ते टोपीचं मागं घे."

नातीनं लावलं. अय, मन्ही टोपी कोठे शे वं. खुंटीवर शे हो, खुंटीवर शे.

"परत."

पुन्हा लावलं. तिसऱ्या वेळेला धाकली हसली. कुणी विश्वास ठेवणार नाही, पण हसली. "खुंटी डोक्याशी होती," ती आमच्या ह्यांच्याकडे बघून म्हणाली. "तुमच्या भावाला डोक्याशी असलेली खुंटी कधी दिसली नाही, भाऊ." आमच्या ह्यांनी मान हलवली, हात तोंडावरून काढले नाहीत.

मग तिनं माझ्याकडे बघितलं.

"अक्का, माझा आवाज चालतो. मी चालत नाही?"

एवढंच. मोठ्यानं नाही, रागानं नाही. तूर संपत आली असं सांगावं तसं. मी इतक्या वर्षांत माणसं मेलेली पाहिली, शेतं वाहून गेलेली पाहिली, पण असा धक्का मला कशानं बसला नव्हता. कारण उत्तर मला माहीत होतं आणि ते मी स्वतः दिलं होतं, किल्लीसकट. बाईनं नाही. बाईला मी विचारलंसुद्धा नव्हतं.

"ये," मी म्हटलं. "ये, लाव हळद."

ती हलली नाही. "मशीननं बोलावलं म्हणून आले, तर बाई म्हणतात मागलं शे. आता घरच्या कुणी नातं घ्या. घेतलं तर लावते. नाहीतर बट्टीचं पीठ पडलंय माझं."

नातं घ्यायचं म्हणजे गायचं. मांडवात कुणी तोंड उघडेना. शेजारणी तर नाहीच नाही, बाई समोर बसलेली. सून माझ्याकडे बघत होती. नातू पाटावर, पिवळे पाय घेऊन, माझ्याकडे बघत होता. आणि मला आयुष्यात गाता येत नाही. आरतीला मी नुसत्या टाळ्या वाजवते. माझा आवाज म्हणजे रिकाम्या डब्यात खडे.

मी गायले.

धाकली आजी हळद लावते, एवढी एकच ओळ. सूर कुठे गेला देव जाणे. मधेच आवाज फाटला, पुन्हा धरला. मागे कुणीतरी फिसकन हसलं. मी बाईकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर गाता आलं नसतं. ओळ संपवली आणि मला कळलं की गालावरून पाणी वाहतंय. हिच्या आवाजानं अख्खा तालुका रडला तेव्हा मी बट्ट्या मोजत होते, आणि आता स्वतःच्या त्या फाटक्या आवाजानं मला रडू आलं होतं.

धाकलीनं डबा खाली ठेवला, पिठाचे हात लुगड्याला पुसले. सांडलेली हळद ओट्यावरून बोटांनी उचलली आणि नातवाच्या पायापासून लावत वर गेली. पाय, गुडघे, हात, गाल. तो रडत होता. तिनं त्याच्या नाकाला हळदीचं बोट लावलं, लहानपणी टोपी तिथपर्यंत यायची तिथं.

मला म्हणाली, "चाळीस वर्षं शेजारी राहून एक ओळ सरळ येत नाही तुला."

मग बायांनी खूप आग्रह केला, आता तूच गा, पुढची नाती तूच घे. तिनं ऐकलं नाही. "पीठ पडलंय," म्हणाली आणि कोठीत निघून गेली. पुढची नाती मीच घेतली, त्याच आवाजात. ती दारातून सांगत होती, "धाकटी मावशी राहिली! चुलत आत्या घे!" तेवढं मात्र तिनं केलं.

बाई त्या दुपारी जेवली नाही. लग्न लागल्यावर एसटीनं धुळ्याला गेली, जाताना माझ्याशी बोलली नाही, अजून फोन घेत नाही. तिचं मला वाईट वाटतं. ती एकटी नव्हती ना त्यात, पण तिला असं वाटलं की सगळ्यांसमोर तीच चुकीची ठरली.

लग्नानंतर पाहुणे गेले, तेव्हा मी धाकलीकडे गेले. माफी मागायची होती, शब्द जुळवून ठेवले होते. ती ओसरीवर उरलेल्या अक्षता निवडत होती. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "अक्का, मी मोजत होते. मी किती जणींच्या ओळी गाळल्या असतील गं?" आणि बोटांवर घ्यायला लागली. ही आत्या, ती मामी, पलीकडच्या गल्लीतली ती थोरली काकू. दोन्ही हात संपले. मग थांबली. "तुझ्या मुलाच्या हळदीला सासूबाईंची ओळ मी गाळली. त्या कोठीत होत्या. दार उघडं होतं."

मला ती कोठी आठवली. ती शेणाची पाटी आठवली. मी तिच्याशेजारी बसले आणि अक्षता निवडायला लागले. माफी राहूनच गेली.

आता एवढंच सांगायचं राहिलं. नात धुळ्याला परत निघाली तेव्हा धाकलीनं आपला मोबाईल तिच्या हातात दिला. म्हणाली, गाणं नको, नुसती टोपी भरून दे. नातीनं ती घंटीच्या जागी घालून दिली. तेव्हापासून धाकलीला कुणाचाही फोन आला की भाऊजी टोपी विचारतात. धुळ्याच्या बसस्टँडवर एकदा वाजला तेव्हा आमच्या गावातल्या एका माणसाची पिशवी हातातून सुटली. मी तर रोज दचकते. कितीदा सांगितलं, बाई गं, बदल ते. ती म्हणते, "मुली सुरतेहून फोन करतात तेव्हा आधी बाप बोलतो, मग मी. बदलू कशाला?"

परवा दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. भिंतीपलीकडून आवाज आला, अय, मन्ही टोपी कोठे शे वं? धाकली बहुतेक मागं कपडे वाळत घालत होती, फोन उचलेना. भाऊजींनी दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. माझा घास हातातच राहिला.

आमचे हे भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "खुंटीवर शे रे," आणि वरणात बट्टी कुस्करायला लागले.